पंचेचाळिशीनंतरची सायकल

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यविषयक काही बोलावे अशी सूचना आपल्या चिटणीसांनी मला केली. मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना पाढे व अपूर्णांक शिकविलेला असा मी एक मनुष्य आहे. आरोग्याच्या प्रांतातील ज्या एका गोष्टीचा मला नित्याचा अनुभव आहे ती म्हणजे सायकल. तेव्हा तिच्याविषयीच चार शब्द सांगावयाचे योजिले आहे. मागील रांगेतील काही मंडळी हसली ते मी पाहिले. त्यांनी शेवटपर्यंत बसावे, कारण हे भाषण मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

आपल्या घरांतून सायकलीची काय गत होते ते प्रत्येकाने आठवून पाहावे. मुलगा दहावीला बऱ्या गुणांनी पास झाला की त्याला भारी किमतीची सायकल घेऊन देतात. सहा महिन्यांत ती जिन्याखाली जाते व तिच्या हँडलवर छत्र्या टांगल्या जातात. इकडे ज्या वडिलांनी नोकरीची सारी उमेद सायकलीवर काढली, ते निवृत्त होताच तिला रजा देतात. पुढे रक्तदाब आला, साखर वाढली, की डॉक्टर सांगतात, ‘चालावयास जा.’ त्यांचे गुडघे चालण्यासही कुरकुरतात. परंतु या वयात सायकलीवर बसणे म्हणजे लोक हसतील, ही भीती गुडघ्यांपेक्षा मोठी असते. मला या भीतीविरुद्धच बोलावयाचे आहे. आणि त्यासाठी आधाराला मी एका फ्रेंच गृहस्थाचे टोमणेवजा मत घेणार आहे.

या गृहस्थाचे नाव आंरी देग्रांज. फ्रान्सची सुप्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ ही सायकलशर्यत त्याने १९०३ साली सुरू केली. हा मोठा कडवा मनुष्य. सायकलीला गिअर बदलण्याची सोय असू नये, असा त्याचा आग्रह होता. चढ आला तर स्नायूंच्या बळावर चढावा, यंत्राची लबाडी कशाला? गिअर बदलण्याची सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहे, असे त्याने १९०२ साली हिणवून लिहिले होते. त्याच्या शर्यतीत पुढे कित्येक वर्षे स्पर्धकांना मागील चाकाच्या दोन्ही बाजूंना निरनिराळ्या मापाची दंतचक्रे बसवावी लागत. घाट आला की खाली उतरावयाचे, चाक काढावयाचे, उलटे करून बसवावयाचे व पुन्हा निघावयाचे. देग्रांज शर्यतीच्या सूत्रांपासून दूर झाल्यावर १९३७ साली गिअरला परवानगी मिळाली आणि त्या वर्षी रोझे लापेबी हा गिअर वापरूनच जिंकला.

त्याच फ्रान्समध्ये सेंट-एतिएन गावी पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) नावाचा एक रेशमाचा व्यापारी होता. ‘वेलोसियो’ या टोपणनावाने तो सायकलप्रवासाचे मासिक चालवी. त्याला शर्यत नको होती. डोंगरातून दिवसभर हिंडून सायंकाळी ताजेतवाने घरी परतावयाचे होते. गिअरच्या साधनांवर त्याने वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि ते प्रवाशांच्या गळी उतरविले. गावाजवळच्या ज्या खिंडीची चढण तो पुनःपुन्हा चढे, तेथे आज त्याचे स्मारक आहे. देग्रांज आणि वेलोसियो यांच्या वादात माझा कौल कोणाला, हे माझे वय पाहता सांगण्याची गरज नाही. देग्रांजने जे टोमणा म्हणून लिहिले, ते मी आपणा सर्वांच्या हक्काची सनद म्हणून वाचतो. गिअर खरोखरच पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहे.

आता थोडे गणित. मास्तरला बोलावल्यावर ते टळणार नाही.

माझी नोकरीतली काळी सायकल अजून घरी आहे. तिच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत व मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पॅडलचा एक फेरा झाला की मागील चाक सुमारे २.४४ वेळा फिरते. चाकाचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर. तेव्हा एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर मिनिटाला साठ फेरे मारले तर तासाला साधारण वीस किलोमीटर होतात, आणि शाळेला जाण्यास ते उत्तम आहे. पण हीच सायकल घाटात घाला. तेथे साध्या माणसाचा वेग तासाला आठ किलोमीटरांवर येतो. त्या वेगाला मिनिटाला फेरे पडतात अवघे चोवीस. म्हणजे एकेका फेऱ्यावर सारे अंग तोलून पॅडल दाबावे लागते. तो दाब गुडघ्याच्या वाटीवर येतो, छाती भरून येते व मनुष्य खाली उतरतो.

निवृत्तीनंतर मी जी गिअरची सायकल घेतली, तिला पुढे लहान चक्र ३४ दात्यांचे व मागे सर्वांत मोठे तेही ३४ चेच आहे. पॅडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. अंतर सुमारे २.१ मीटर. त्याच आठ किलोमीटरांच्या वेगाला आता मिनिटाला त्रेसष्ट-चौसष्ट फेरे पडतात. डोंगर तेवढाच, एकूण श्रम जवळजवळ तेवढेच. परंतु ते चोवीस घावांऐवजी चौसष्ट घासांत वाटले गेले. गिअर वेगासाठी असतो, असा तरुणांचा समज आहे. आपल्यासारख्यांनी दुकानात सायकल पाहावयास गेल्यावर सर्वांत मोठा गिअर किती हे विचारूच नये. सर्वांत हलका किती ते विचारावे. मागील सर्वांत मोठ्या चक्राचे दाते स्वतः मोजावेत. विक्रेता ‘एकवीस गिअर, चोवीस गिअर’ असा आकडा सांगतो, त्याला फारसा अर्थ नाही, कारण त्यांतील बरेच एकमेकांच्या इतके जवळ असतात की फरक कळत नाही.

आणखी एक सूचना. चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर घालावा. चढावर पूर्ण जोर लावीत असताना गिअर बदलला तर चेन कडकड वाजते, प्रसंगी उतरते. खोपोली सोडल्यावर जुन्या रस्त्याने घाट चढताना मी हे पुष्कळदा पाहतो. नवी तरुण मंडळी पहिल्या वळणापर्यंत जोरात पुढे जातात आणि शिंगरोबाच्या देवळापर्यंत पोहोचण्याआधी कठड्याला सायकल टेकून उभी असतात. ज्या धनगराने इंग्रजांना हा घाट दाखविला असे सांगतात, त्याचे ते देऊळ. तेथे नमस्कार करून, थोडे पाणी पिऊन पुढे जाण्याचा माझा परिपाठ आहे.

गिअरनंतर टायर. या बाबतीत आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसला आहे, तो असा की टायर जितका बारीक आणि हवा जितकी कडक, तितकी सायकल हलकी पळते.

हवेच्या टायराचा इतिहास मोठा गमतीचा आहे. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच त्याचे पेटंट घेतले होते. पण ते विस्मृतीत गेले. पुढे १८८८ साली बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हवेच्या रबरी नळ्या बसविल्या, कारण भरीव रबराच्या चाकांनी पोराला हादरे बसत. म्हणजे हवेचा टायर जन्मला तो हादरे कमी करण्यासाठी. तो वेगवानही आहे हे दुसऱ्याच वर्षी बेलफास्टच्या शर्यतींत दिसून आले. १८९१ साली पॅरिस ते ब्रेस्ट व परत अशी सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत झाली. शार्ल तेराँ याने मिशलँचे काढता-घालता येणारे टायर लावून ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. पंक्चर काढणे हे घटकाभराचे काम झाले ते तेव्हापासून.

हादरे आणि वेग यांचे हे नाते मधल्या काळात लोक विसरले. पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत शर्यतीचे सायकलपटू २३ मिलिमीटर रुंदीच्या टायरात शंभर-सव्वाशे पाउंड हवा भरीत. आता तेच २८ ते ३२ मिलिमीटरांवर आले आहेत आणि हवा पुष्कळ कमी केली आहे. याचे कारण समजण्यासारखे आहे. समजा, मागील चाकावर ४५ किलो, म्हणजे सुमारे १०० पाउंड भार आहे. टायरात चौरस इंचाला १०० पाउंड हवा असेल तर टायर रस्त्याला साधारण एक चौरस इंच टेकतो. ५० पाउंड असेल तर दोन चौरस इंच. गुळगुळीत लोखंडी नळकांड्यावर प्रयोग केला तर कडक टायर जिंकतो. पण आपले रस्ते नळकांड्यासारखे नाहीत. खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्यावरून उडी मारतो. ती उडी मारण्यास लागणारी शक्ती आपल्या पायांतूनच जाते आणि उरलेला हादरा मनगट, मान व कंबर यांत जिरतो. थोडा मऊ, रुंद टायर तो खडा पोटात घेतो व पुढे जातो. माझ्या काळ्या सायकलीचे टायर दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर रुंद आहेत. आमचे वडील ज्या टायरावर बाजार करीत, त्याच दिशेने आता जगाची फॅशन परतली आहे!

मात्र मऊ म्हणजे लुळा नव्हे. हवा फार कमी असली तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते व साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. पासष्ट किलो वजनाच्या माणसाने ३२ मिलिमीटरांच्या टायरात मागे ५५ ते ६० व पुढे त्याहून पाच पाउंड कमी येथून सुरुवात करावी आणि आपल्या रस्त्याप्रमाणे कमी-जास्त करावे. टायराच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे. तितकी हवा भरलीच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. आठवड्यातून एकदा पंप लावून पाहावे, कारण पंक्चर नसतानाही हवा झिरपते. नव्या सायकलींना पुष्कळदा बारीक वॉल्व्ह असतो, त्यावर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही. त्यासाठी पितळेची एक लहानशी टोपी मिळते. ती खिशात असू द्यावी. किंमत क्षुल्लक, पण नसली तर दहा किलोमीटर पायपीट.

सीटच्या उंचीविषयी एकच सांगतो. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी व पॅडल अगदी खाली न्यावे. गुडघा त्या वेळी सरळ झाला पाहिजे. मग चालविताना चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात योग्य तेवढाच बाक राहतो. आपल्याकडील ज्येष्ठ मंडळी दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात व मग गुडघ्याच्या पुढील बाजूस दुखते म्हणून सायकलीलाच दोष देतात.

आता व्यायामाच्या क्रमाकडे वळतो. येथे मला फ्रान्समधीलच आणखी एका गृहस्थाचा दाखला द्यावयाचा आहे. रोबेर मार्शां हे १९११ साली जन्मले. मध्यंतरी अनेक वर्षे सुटलेली सायकल त्यांनी सदुसष्ट-अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा हाती घेतली. शंभर वर्षांवरील लोकांच्या गटात एका तासात किती अंतर कापता येते, याचा विक्रम त्यांनी २०१२ साली केला; तेव्हा २४ किलोमीटरांहून थोडे अधिक झाले. त्यानंतर वेरोनिक बिया या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना दोन वर्षे व्यायामाचा क्रम आखून दिला. वर्षाला सुमारे पाच हजार किलोमीटर. त्यांतील ऐंशी टक्के हलक्या गतीने, वीस टक्के नेटाने. २०१४ साली त्यांनी तासाला २६.९२७ किलोमीटर कापले. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती, जी वयाबरोबर घटत जाते असे आपण धरून चालतो, ती या दोन वर्षांत ३१ वरून ३५ झाली, आणि तीही वयाच्या एकशेएक ते एकशेतीन या काळात. २०२१ साली, १०९ व्या वर्षी ते वारले. सर्वांनाच असे आयुष्य लाभेल असे मी म्हणत नाही. परंतु ‘आता या वयात काय सुधारणा होणार’ हे वाक्य ज्यांच्या ओठावर आहे, त्यांनी हे दोन आकडे वहीत टिपून ठेवावेत.

या क्रमातील मर्म त्या ऐंशी टक्क्यांत आहे. नवखा मनुष्य रोज धापा टाकीत चालवितो, तीन आठवड्यांत थकतो व सोडून देतो. हलकी गती ओळखण्यास कोणतेही यंत्र नको. शेजारच्या स्वाराशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. एकेक शब्द तुटू लागला की गती कमी करावी. पहिला महिना एक दिवसाआड अर्धा तास, सपाटीवर. मग रविवारची फेरी पंधरा, अठरा, वीस किलोमीटर अशी हळूहळू वाढवावी. दर चौथ्या आठवड्याला अंतर मुद्दाम कमी करावे. शरीर मजबूत होते ते विश्रांतीत. तीन महिन्यांत पन्नास किलोमीटर सहज होतात. त्यानंतर आठवड्यातून एक दिवस एखाद्या लहान चढावर चार-चार मिनिटे नेटाने चढावे, मध्ये तेवढीच विश्रांती घ्यावी. हे नेटाचे काम सुरू करण्यापूर्वी मात्र हृदय, रक्तदाब व साखर यांची तपासणी अवश्य करून घ्यावी. छातीत दडपण, डाव्या हाताला कळ किंवा भोवळ आल्यास तत्काळ थांबून डॉक्टर गाठावा. तेथे मर्दुमकी दाखवू नये.

सायकलीचा एक उणेपणाही सांगितला पाहिजे, नाहीतर मी वकिली केल्यासारखे होईल. सायकलीवर शरीराचा भार सीट उचलते, त्यामुळे गुडघ्यांना सुख मिळते. पण त्याच कारणाने हाडांना बळकटी येत नाही. म्हणून आठवड्यातून दोन दिवस बैठका, जिन्याची चढउतार, थोडे वजन उचलणे असे काही केले पाहिजे. ही गोष्ट स्त्रियांनी विशेष ध्यानात ठेवावी.

खाण्यापिण्याचे बाबतीत वेलोसियोने आपल्या वाचकांना जे नियम घालून दिले, त्यांत आज विशेष भर घालावीशी वाटत नाही. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, पहिल्या काही तासांत हात राखून चालवावे आणि निव्वळ दिमाखासाठी कधी चालवू नये, असे त्याचे सांगणे. दोन तासांहून अधिक फेरी असेल तर दर तासाला थोडे गोड पिष्टमय पोटात जावे. परदेशी पुड्यांची गरज नाही. केळे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गुळाची दशमी हे पुरते. पाण्याबरोबर मीठही जावे. कोकमचे सरबत त्याला उत्तम. नुसते पाणी भसाभसा पिणे हेही लांबच्या प्रवासात घातक ठरते, कारण रक्तातील क्षार पातळ होतात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच लांब जावे, कारण वाटेत साखर एकदम उतरण्याचा संभव असतो.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. रोज बाजारात जाण्यास इतका खटाटोप नको हे खरे. परंतु माणसाला पुढे काही दिसत असले तर तो नियमाने चालतो. ज्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचा मी उल्लेख केला, ती शर्यत म्हणून बंद झाली. पण हौशी लोकांसाठी १९३१ पासून सुरू झालेला तिचा प्रकार आजही दर चार वर्षांनी होतो, आणि ९० तासांत परत यावयाचे असते. त्याच धर्तीवर आपल्याकडे ‘ब्रेव्हे’ नावाच्या फेऱ्या होतात: २०० किलोमीटरांना साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. यांत पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत आलेला प्रत्येक जण सारखाच उत्तीर्ण. शिक्षकाला ही परीक्षेची पद्धत फार आवडते. साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे तासाला सरासरी पंधरा किलोमीटर, तेही खाणेपिणे धरून. सुरुवात मागाहून करणाऱ्यालाही वर्षभराच्या नेमाने हे साधते. रात्री चालविताना पुढचा-मागचा दिवा आणि प्रकाशात चमकणारा अंगरखा लागतो, डोक्यावर हेल्मेट तर नेहमीच.

आपल्या भागाला ही परंपरा परकी नाही. १९२३ साली मुंबईच्या एका व्यायाममंडळातील सहा पारशी तरुण सायकलीवरून जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर हिंडून १९२८ साली परतले. त्यांच्या सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते, हे विसरू नये. अलीकडे, २०१५ साली, नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी आपला डॉक्टरी व्यवसाय सांभाळून अमेरिका आडवी ओलांडण्याची सुमारे ४८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली.

आता माझी विनंती. शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, वधूवरांसाठी मेळावे हे आपली संस्था करतेच. त्यांच्या जोडीला, ज्यांच्या जिन्याखाली सायकली पडून आहेत त्यांनी त्या ज्ञातिगृहात आणून द्याव्यात. टायर-ट्यूब, चेन व ब्रेकचे रबर बदलले की बहुतेक सायकली चालू होतात. माझ्या मते एकीला हजार-दीड हजारांहून अधिक खर्च येऊ नये. नवी गिअरची सायकल वीस-पंचवीस हजारांची. ती प्रत्येकाने घ्यावी असे मी म्हणणार नाही. या दुरुस्त सायकली ज्यांना प्रारंभ करावयाचा आहे अशा ज्येष्ठांना आणि विशेषतः भगिनींना तीन-तीन महिने वापरावयास द्याव्यात. सूनबाईंनी स्कूटर चालविलेली आपल्याला चालते. सासूबाई सायकल शिकू लागल्या तर मात्र शेजारी खिडकीत येतात. आमच्या घरी हे घडून गेले आहे. माझी पत्नी एकोणसाठाव्या वर्षी शिकली. एका आठवड्यात शेजाऱ्यांचा उत्साह ओसरला आणि तिचा वाढला. ती आज सभागृहात आहे व मी अधिक बोललेले तिला आवडणार नाही.

कार्यकारी मंडळाने दुरुस्तीसाठी मागील अंगणातील पत्र्याची खोली देण्याचे तत्त्वतः कबूल केले आहे. ओंजळभर पाने, पक्कड व पंक्चरचे सामान मी माझ्याकडील आणीन. पहिली फेरी येत्या रविवारी सकाळी सहा वाजता ज्ञातिगृहाच्या फाटकापासून निघेल. अंतर बारा किलोमीटर, चढ एकही नाही. येताना पाण्याची बाटली व एक जादा ट्यूब आणावी. सायकल नसलेल्यांनी आपली उंची आज चिटणीसांकडे नोंदवून जावे, म्हणजे त्या मापाची सायकल शोधून ठेवता येईल.